सोफा उलटा करून बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत रॉबिन डे या ब्रिटिश डिझायनरच्या जुन्या सोफ्यांवर अर्ध्या पानाचा लेख आला. फोटो देखणे होते. बारीक पाय, सरळ पाठ, हळदी रंगाचं कापड, मागे मोठी खिडकी. असे सोफे लिलावात घेणारे शौकीन, त्यांचे बंगले, भिंतींचे रंग, सगळं सविस्तर होतं. पण सोफा आतून कसा आहे, तो मुळात कुणासाठी केला होता आणि साठ वर्षांनीही तो दुरुस्त का होऊ शकतो, यावर एक ओळ नव्हती. माझं आयुष्य सोफ्याच्या आतल्या बाजूला गेलं आहे, म्हणून हे पत्र लिहिते आहे. लांबलंय, पण जमल्यास पूर्ण छापावं.

कोल्हापूरच्या शाहूपुरीत आमचं सीट कव्हरचं दुकान आहे. सासऱ्यांनी ते ट्रक आणि जीपच्या सीटांसाठी सुरू केलं होतं. लग्न होऊन आले तेव्हा आधी रेक्झिन कापायला शिकले, मग पाइपिंग शिवायला, आणि मग हळूहळू घरगुती सोफ्यांचं काम आमच्याकडे वळलं. आता दुकानात दोन मशिनं, एक सुतारमामा, भरणीचं काम करणारा एक पोरगा आणि मी. गिऱ्हाईक कापडाबद्दल बोलतं, आमची नजर मात्र सोफ्याच्या बुडाकडे असते. कुठलाही सोफा दुकानात आला की आम्ही पहिल्यांदा तो उलटा करतो.

ताराबाई पार्कातले एक डॉक्टर बरीच वर्षं इंग्लंडात नोकरी करून परत आले. सामानाबरोबर त्यांनी तीन माणसांचा एक सोफा आणला. तिकडं असताना त्यांनी तो कुणाकडून तरी वापरलेलाच घेतला होता. हिल नावाच्या कंपनीचा, रॉबिन डे यांनी रचलेला. "काकी, फक्त कापड बदला, बाकी कशाला हात लावू नका," असं सांगून गेले. हात लावावाच लागला, कारण बसलं की माणूस खाली जमिनीला टेकत होता.

सुतारमामांनी आणि मी तो उलटा केला. बुडाला काळं पातळ कापड होतं, ते चुकांनी, म्हणजे बारीक खिळ्यांनी मारलेलं. चुका एकेक करून उपसल्या आणि आतली बाजू दिसली. आडव्या रबरी पट्ट्या, प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना पत्र्याची पकड आणि ती पकड चौकटीच्या खाचेत बसवलेली. खिळा नाही, गोंद नाही. पट्टी सैल झाली की खाचेतून काढायची, नवी अडकवायची, एवढंच काम. आमच्याकडे स्टेपलरच्या पिनांचा पाऊस पाडलेला असतो, एक पट्टी काढायची तर लाकडाचे टवके निघतात. इथं रबर साठ वर्षांत कडक होऊन तडकलं होतं, पण ते जिथं बसवलं होतं ती जागा कालची असावी तशी साफ होती. गादीतला लॅटेक्सचा फोम हातात घेतल्यावर शिळ्या भाकरीसारखा मोडत होता. लाकडी चौकट तेवढी जशीच्या तशी. पाय स्क्रूने बसवलेले. पिळून काढले, पुसले, परत बसवले.

मामा बराच वेळ कोपऱ्यातल्या जोडावर अंगठा फिरवत बसले होते. मग म्हणाले, "करणाऱ्यानं पुढच्या कारागिराचा विचार केलाय, वैनी." मी आजवर सोफ्याबद्दल यापेक्षा चांगलं बोलणं ऐकलेलं नाही.

आम्ही लॅटेक्सच्या जागी चांगल्या घनतेचा फोम भरला, वर मांजरपाटाचं अस्तर घातलं, गाद्यांना चेन लावली आणि मूळच्या कापडाच्या जवळ जाणारं लोकरी कापड इचलकरंजीच्या एका व्यापाऱ्याकडून मागवलं. रबरी पट्ट्या इथं मिळतात त्या लावल्या, टोकाच्या पकडी मात्र उद्यमनगरात पत्र्याच्या करून घेतल्या. जुन्या पकडीचा नमुना दाखवल्यावर त्या कारखानदाराने दुसऱ्याच दिवशी करून दिल्या. कोल्हापूरला असलं काही अवघड नाही. सोफा गेला. डॉक्टरसाहेबांनी त्यानंतर मला रॉबिन डे यांच्याबद्दल वाचायला दिलं, माझ्या भाच्याने आणखी शोधून दिलं, आणि मला कळलं ते आपल्या लेखात यायला हवं होतं असं वाटतं.

डे यांचा जन्म १९१५ चा, इंग्लंडातल्या हाय विकम या गावातला. हे गाव खुर्च्यांचं. आजूबाजूला बीचच्या झाडांची जंगलं, आणि पिढ्यान्‌पिढ्या गावाचा धंदा खुर्च्यांचा, जसा आपला चपलांचा. वडील पोलिसात होते. घरात पैसा नव्हता. मुलगा गावातल्याच कलाशाळेत शिकला आणि पुढे शिष्यवृत्तीवर लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये गेला. १९४२ मध्ये त्यांनी ल्युसिएन यांच्याशी लग्न केलं. त्या कापडाच्या डिझायनर. १९५१ मधलं त्यांचं कॅलिक्स नावाचं कापड आजही कापडाच्या अभ्यासात दाखवतात. एका घरात नवरा खुर्च्या करतोय आणि बायको कापड, दोघांचं काम स्वतंत्र आणि दोघांचं नाव स्वतंत्र. आमच्या धंद्यातल्या बायकांना हे वाचून बरं वाटतं, कारण कव्हर शिवणारीचं नाव दुकानाच्या पाटीवर सहसा नसतं.

त्या काळातल्या ब्रिटनची अवस्था लेखात नसल्यामुळे सोफ्याचा अर्थच निसटतो. दुसऱ्या महायुद्धात लाकडाची एवढी टंचाई होती की सरकारने युटिलिटी नावाची योजना आणली. ठरवून दिलेल्या नमुन्यांचंच फर्निचर करायचं. १९४३ मध्ये त्याचं कॅटलॉग निघालं. सुरुवातीला ते फक्त नव्याने लग्न झालेल्यांना आणि बॉम्बमध्ये घर गेलेल्यांना, कुपनावर मिळायचं. ही योजना १९५२ पर्यंत चालली. म्हणजे ज्या काळात डे काम करायला लागले, तेव्हा लोकांची घरं लहान, लाकूड मोजून आणि खिसा रिकामा. १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने स्वस्त फर्निचरची आंतरराष्ट्रीय स्पर्धा घेतली. त्यात डे आणि त्यांचे जोडीदार क्लाइव्ह लॅटिमर यांना सामान ठेवण्याच्या कपाटांसाठी पहिलं बक्षीस मिळालं. स्पर्धेच्या नावातच स्वस्त हा शब्द होता. आज त्याच माणसाचा सोफा श्रीमंतांच्या लिलावात जातो. तो जावा, माझी तक्रार नाही. पण तो केला होता मास्तरांच्या, नर्सच्या, कारकुनाच्या घरासाठी, हे वाचकाला सांगायला हवं.

त्या बक्षिसामुळे हिल कंपनीची नजर त्यांच्यावर गेली. ही कंपनी रशियातून आलेल्या सालामन हिल यांनी १९०६ मध्ये लंडनच्या पूर्व भागात काढली होती. ते राजेशाही थाटाच्या जुन्या फर्निचरच्या नकला करायचे. त्यांच्यानंतर मुलगी रे हिल यांनी धंदा चालवला आणि नात रोझामिंड व नातजावई लेस्ली ज्युलियस यांनी डे यांना हाताशी धरून तो नव्या वळणावर नेला. नकला करणाऱ्या कारखान्याने आपल्याच काळातल्या माणसाला विचारलं, आमच्यासाठी काय करशील? आपल्याकडे हा प्रश्न फर्निचरवाले कुणाला विचारत नाहीत.

डे यांच्या सोफ्यांचं वैशिष्ट्य मी कारागिराच्या नजरेने सांगते. पहिलं म्हणजे पाय. सोफा जमिनीपासून वर उचललेला. लहान खोलीत खालची फरशी दिसत राहिली की खोली मोठी वाटते, हे दिसण्याचं झालं. कोल्हापूरच्या माणसाला त्याहून महत्त्वाचं म्हणजे खालून केरसुणी जाते, पोछा जातो आणि पावसाळ्यात वारा जातो. दुसरं, सांगाडा आणि गादी वेगळी. १९६० च्या सुमाराला आलेल्या फॉर्म ग्रुप या मालिकेत पोलादी सांगाड्यावर बैठका आणि टेबलाच्या फळ्या हव्या तशा मांडता यायच्या. दोन बैठका आणि एक फळी, किंवा तीन बैठका. घर बदललं की मांडणी बदलायची. १९६४ च्या फोरम सोफ्यात लाकडाची चौकट बाहेरून उघडी दिसते आणि चामड्याच्या गाद्या तिच्यात नुसत्या बसवलेल्या असतात. हा सोफा पुढे हॅबिटॅट या दुकानाने पुन्हा बाजारात आणला. लाकूड झाकलेलं नसल्यामुळे सुताराला खोटं काम करायला जागाच राहत नाही. जोड कसा आहे ते गिऱ्हाइकाला समोर दिसतं.

त्यांची जगभर पोचलेली वस्तू मात्र सोफा नाही, प्लास्टिकची खुर्ची आहे. १९६३ ची. पॉलिप्रॉपिलिनची एकसंध बैठक साच्यातून काढायची आणि वाकवलेल्या लोखंडी नळीच्या पायांवर स्क्रूने बसवायची. अशा एक कोटीहून जास्त खुर्च्या खपल्या आणि २००९ मध्ये ब्रिटनच्या टपाल खात्याने तिचं तिकीट काढलं. शाळा, दवाखाने, सभागृहं, सगळीकडे ती गेली. इथंही बैठक वेगळी आणि पाय वेगळे. पाय वाकले तर पाय बदला.

डे यांच्या बरोबरीचे अर्नेस्ट रेस यांचंही नाव घेते, कारण आपल्या गावाला ते जवळचे वाटावेत. हे १९३७ मध्ये मद्रासला आपल्या मावशी-आत्यापैकी कुणाकडे आले होते. त्या तिथं विणकामाचं केंद्र चालवत. रेस यांनी आपल्या नक्षीचं कापड तिथल्या हातमागावर विणून घेतलं आणि लंडनला जाऊन दुकान काढून विकलं. युद्धानंतर लाकूड मिळेना तेव्हा त्यांनी लढाऊ विमानांच्या भंगारातलं ॲल्युमिनियम वितळवून खुर्चीचे भाग ओतले. १९४५ ची ही बीए खुर्ची. आधी वाळूच्या साच्यात ओतकाम, मग प्रेशर डायकास्टिंग, म्हणजे धातूच्या साच्यात दाबाने ओतणं. पाय खाली निमुळते होत जाणारे. अडीच लाखांच्या वर खुर्च्या त्यांनी अशा केल्या. माझा भाऊ शिरोलीत फौंड्रीत आहे. त्याला फोटो दाखवला तर त्याने चहाचा कप खाली ठेवून मोबाइल मोठा करून करून पायाचा छेद बघितला आणि म्हणाला, "हे आपण उद्या ओतू शकतो." ज्या जिल्ह्यात एवढ्या फौंड्र्या आहेत, तिथं घरातल्या खुर्चीचा पाय कुणी का ओतत नाही, हा प्रश्न मला त्या दिवसापासून पडला आहे. आपण पंपाचे, इंजिनाचे, मोटारींचे भाग ओततो आणि बसायला परगावचा पुठ्ठा विकत घेतो.

पुठ्ठा हा शब्द मी रागाने वापरत नाही. आमच्या दुकानात येणारे नवे बॉक्स सोफे उघडल्यावर खरोखरच पुठ्ठा निघतो. हातांच्या बाजूला जाड पुठ्ठा, त्यावर अर्ध्या इंचाचा फोम, वर कापड. चौकट हलक्या जंगली लाकडाच्या पट्ट्यांची, साली न काढलेली, पिना मारून जोडलेली. बुडाला पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी. बाहेरून बटणं, सोनेरी पट्टी, चकचकीत पाय. गिऱ्हाइकाने हप्ते भरायला सुरुवात केलेली असते आणि हप्ते संपायच्या आधी बैठक बसते. ते आमच्याकडे आणतात. उघडल्यावर आम्हाला स्क्रू धरायला लाकूडच सापडत नाही. शेवटी सांगावं लागतं, दादा, यावर खर्च करू नका. असं सांगताना जिवावर येतं, कारण समोरचा माणूस मुलीच्या लग्नाला किंवा वास्तुशांतीला म्हणून तो सोफा घेऊन गेलेला असतो.

आता २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुराचं सांगते. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे कोल्हापूरच्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे. त्या वर्षी पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरीची कुंभार गल्ली, नागाळा पार्कचा खालचा भाग, घरात कंबरेएवढं आणि त्याहून जास्त पाणी होतं. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. पाणी उतरल्यावर गल्ल्यांच्या तोंडाशी सामानाचे ढीग लागले. त्या ढिगांत सगळ्यात जास्त काय होतं म्हणाल तर गाद्या आणि सोफे. बॉक्स सोफ्यातलं बोर्ड फुगून फुटलं होतं, प्लायचे पापुद्रे सुटले होते, आत चिखल जाऊन बसला होता आणि तो काढायला जागाच नव्हती, कारण सोफा चहूबाजूंनी बंद. वास असा की महापालिकेचे कामगार तोंडाला फडकं बांधून ते उचलत होते.

त्याच गल्लीत एका आजींच्या घरी ओसरीवर सागवानी सेट होता. सासऱ्यांच्या काळातला, गंगावेशीतल्या सुताराने केलेला, पाठीला वेत आणि बसायला सुट्या गाद्या. पाणी त्याच्यावरूनही गेलं होतं. आजींच्या मुलाने गाद्या टाकून दिल्या, चौकट नळाखाली धुतली आणि गच्चीवर सावलीत उभी करून ठेवली. दिवाळीच्या आधी मामांनी दोन जोड आवळले, पॉलिश मारलं, वेत नव्याने विणला आणि मी गाद्या शिवल्या. तो सेट आज त्या घरात आहे. त्यावर बसून आजी आपलाच पेपर वाचतात. रॉबिन डे यांचं नाव त्या सुताराने ऐकलं असण्याचं कारण नाही. पण उघडी चौकट, वर उचललेले पाय, सुटी गादी, म्हणजे जे परदेशात नावाजलं जात होतं ते आपल्या सुतारांच्या हातात होतंच.

हे सेट आता घराघरांतून चालले आहेत. दिवाळीला एक्स्चेंज ऑफर लागते, जुना सोफा द्या आणि नव्यावर सूट घ्या. टेम्पो येतो, सागवान घेऊन जातो आणि पुठ्ठा ठेवून जातो. हे जुनं लाकूड भंगारात जातं असं समजू नका. ते वेचून घेणारे व्यापारी आहेत. मुंबईच्या चोर बाजारात आणि ओशिवऱ्याला जुन्या फर्निचरची दुकानं बघून या. पॉलिश मारून, नवं कापड घालून, तेच सेट तिथं मांडलेले असतात. आपल्या आजोबांनी करून घेतलेली वस्तू आपण सुटीपोटी देतो आणि तीच दुसऱ्याच्या दिवाणखान्यात शोभते. सरकारी कार्यालयं आणि कॉलेजंही यात मागे नाहीत. जुन्या भक्कम खुर्च्या आणि बाकं निर्लेखित करून लिलावात काढतात आणि त्यांच्या जागी तीन वर्षांत चाक निखळणाऱ्या खुर्च्या येतात. दुरुस्तीसाठी बजेटमध्ये रक्कम नसते आणि खरेदीसाठी असते, असं एका कार्यालयातल्या बाबूंनी मला सरळ सांगितलं.

गेल्या काही वर्षांत दुसरी एक गोष्ट सुरू झाली आहे. तरुण जोडपी मोबाइलवर फोटो घेऊन येतात आणि म्हणतात, काकी, असा मिड सेंच्युरी सोफा करून द्या. म्हणजे १९५०-६० च्या सुमाराच्या धाटणीचा, डे यांच्या सोफ्यांसारखा. मला ही पोरं आवडतात. त्यांना साधी, सरळ वस्तू हवी असते, नक्षीचा सोस नसतो. पण बाजारात त्या फोटोची जी नक्कल मिळते ती बघून वाईट वाटतं. बॉक्स सोफा तोच, आतला पुठ्ठा तोच, फक्त खाली चार तिरके पाय लावलेले. पाय बोर्डात स्क्रू मारून बसवतात. तिरक्या पायावर वजन आलं की पाय बाहेर ढकलला जातो आणि बोर्डातला स्क्रू भोकासकट सुटतो. मूळ सोफ्यात पाय ज्या आडव्या पट्टीला बसवलेला असतो, ती पट्टी पक्क्या लाकडाची किंवा पोलादाची असते आणि वजन तिच्यातून पायात उतरतं. सगळा बारीकपणा त्या एका पट्टीच्या जोरावर उभा असतो. ती नसेल तर बारीक पाय लावूच नयेत, सरळ जाड ठोकळे लावावेत. मी अशा जोडप्यांना सांगते, आधी घरी जाऊन आई-वडिलांकडे किंवा गावाकडच्या वाड्यात बघा, एखादी जुनी चौकट पडलेली असेल. बऱ्याचदा असतेच. भुदरगडकडून एका मुलाने आजोळच्या माळ्यावरची चौकट मोटारसायकलला बांधून आणली होती. दुरुस्ती, पॉलिश, गाद्या, कापड, सगळं धरून नव्या सोफ्याच्या निम्म्याहून कमी खर्चात त्याचं काम झालं.

आगीबद्दलही लिहिलं पाहिजे. १९७९ मध्ये मँचेस्टरमधल्या एका मोठ्या दुकानात फर्निचरच्या विभागाला आग लागली आणि दहा माणसं गेली. पॉलियुरेथेन फोमच्या धुराने माणूस काही मिनिटांत गुदमरतो. असल्या आगींनंतर ब्रिटनने १९८८ मध्ये सोफ्यांसाठी कडक नियम केले. १९५० नंतर बनलेला सोफा तिथल्या दुकानदाराला विकायचा असेल, तर त्याची भरणी आणि कापड आगीच्या नियमात बसलं पाहिजे. म्हणून डे यांचे जुने सोफे तिथं विकण्याआधी आतून नवे करावे लागतात, आणि ते नवे करता येतात, कारण ते उघडतात. आपल्याकडे घरगुती सोफ्यात कुठला फोम आहे हे गिऱ्हाईक विचारत नाही आणि विक्रेता सांगत नाही.

हे लिहिताना केशवराव भोसले नाट्यगृह डोळ्यांपुढे येतं. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ पासूनचं आपलं नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. त्या रात्री खासबागेच्या बाजूला उभं राहून रडणारी माणसं मी पाहिली आहेत. ते पुन्हा उभं राहत असताना खुर्च्यांचा विचार कुणी बारकाईने करतंय का, हे मला जाणून घ्यायचं आहे. रॉबिन डे यांनी १९५१ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलच्या खुर्च्या केल्या. २००५ ते २००७ या काळात त्या हॉलचं मोठं नूतनीकरण झालं, तेव्हा त्याच खुर्च्या दुरुस्त करून, नवं कापड घालून परत बसवल्या. अर्ध्या शतकाहून जास्त काळ लोक ज्यावर बसले त्या खुर्च्या टाकाव्या लागल्या नाहीत. आपल्या नाट्यगृहाच्या निविदेत तीन गोष्टी याव्यात असं मला वाटतं. बैठक आणि पाठ स्क्रूने सुटी होणारी असावी. फोम आणि कापड आगीला दाद न देणारं असावं आणि त्याचा दाखला जोडलेला असावा. सुट्या भागांचा साठा आणि मापं महापालिकेकडे असावीत, म्हणजे एक सीट फाटली तर कोल्हापूरच्या कुठल्याही सीटवाल्याला ती शिवून देता येईल. हे काम करणारे हात इथंच आहेत. लक्ष्मीपुरीपासून उद्यमनगरापर्यंत सीटवाल्यांची रांग आहे, ते रोज ट्रक आणि एसटीच्या धक्क्यांत टिकणारी सीट शिवतात.

पण हे हात पुढे किती दिवस असतील, सांगता येत नाही. दाभणाने काथ्या बांधणारा, गोणपाट ताणून स्प्रिंगा सुतळीने आठ दिशांनी आवळणारा माणूस माझ्या ओळखीत आता एकच उरला आहे आणि त्याची नजर अधू झाली आहे. आयटीआयमध्ये सुतारकामाच्या जोडीला हे भरणीचं काम शिकवावं. पोरांना यात पैसा आहे. पुण्या-मुंबईचे लोक जुनी वस्तू दुरुस्त करायला चांगले पैसे मोजतात, आणि आता मुलीही हे काम शिकायला तयार आहेत. माझ्याकडे दोघी विचारून गेल्या. मशिनवर बसवून मी शिवण शिकवू शकते, पण सुतारकाम आणि भरणी एकाच ठिकाणी शिकवणारी जागा हवी.

वाचकांसाठी एवढंच सांगते की दुकानात सोफा आवडला तर पैसे द्यायच्या आधी विक्रेत्याला तो उलटा करायला लावा. बुडाचं कापड थोडं उचकटून आत लाकूड आहे की बोर्ड ते बघा. गादीला चेन आहे का आणि ती पूर्ण निघते का, हे हात घालून बघा. हाताच्या बाजूला बोटाने टकटक करा, पुठ्ठा लगेच कळतो. पाय कशात बसवला आहे ते विचारा. चांगला माल असलेला दुकानदार यावर चिडत नाही, उलट खुशीने दाखवतो. असे दुकानदारही कोल्हापुरात आहेत, आणि त्यांच्याकडे गर्दी कमी असते कारण त्यांचा सोफा फोटोत साधा दिसतो.

ज्यांच्याकडे जुना सागवानी किंवा शिसवी सेट आहे त्यांनी एक्स्चेंजच्या टेम्पोत चढवण्याआधी एखाद्या सुताराला दाखवावा. चौकट हलत असेल, वेत तुटला असेल, वाळवीने एखादा पाय खाल्ला असेल, तरी तेवढाच भाग बदलता येतो. आमच्याच दुकानात आणा असं मी म्हणत नाही, आपल्या पेठेत सीटवाला आणि सुतार असतोच. फक्त दिवाळीच्या तोंडावर आणू नका, तेव्हा सगळ्यांनाच घाई असते आणि घाईत जोड नीट मुरत नाही. पाऊस ओसरला की दसऱ्याच्या आधी आणा. तेव्हा ऊन खणखणीत असतं, लाकूड आणि काथ्या व्यवस्थित वाळतो, पॉलिश चिकट राहत नाही.

आपली नियमित वाचक,
एक सीट कव्हर कारागीर,
शाहूपुरी, कोल्हापूर